तो काय म्हणत होता, सांग बरं

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

रविवारच्या तत्त्वचर्चेचं सूत्र तुम्ही माझ्या हाती दिलंत त्याला दोन वर्षं झाली. आभार चारचौघांत मानते आहे, कारण ज्या चुकीतून तुम्ही मला बाहेर काढलंत तीही चारचौघांतच झाली होती.

त्या दिवशी विषय कर्मसिद्धांत. एक काका म्हणाले, दुष्काळ हे मराठवाड्याचं प्रारब्धच आहे. मागच्या रांगेतला आष्टीकडचा मुलगा ताडकन उठला. चारा छावणीत बांधलेली जनावरं, टँकरमागे धावणारी आई, सगळं एका दमात बोलत सुटला. आवाज चढला तशी मी घाबरले. "घरचं नको, विषयाला धरून बोला," म्हणाले. तो खाली बसला आणि सभा संपायच्या आत निघून गेला.

तुम्ही सभेत काही बोलला नाहीत. बाहेर चपला घालताना एवढंच विचारलंत, "तो काय म्हणत होता, सांग बरं." मला सांगता येईना. त्याचा आवाज आठवत होता, म्हणणं नाही.

मग तुम्हीच सांगितलंत. तो विचारत होता, कर्म ज्याचं त्याचं असेल, तर अख्ख्या तालुक्याच्या विहिरी एकदम कशा आटतात? न केलेल्या कर्माचं फळ माथी येणं, म्हणजे अकृताभ्यागम. आपल्या दर्शनकारांनी हा दोष मानला आहे, आणि तो टाळण्यासाठीच तर कर्मसिद्धांताची मांडणी झाली. त्या संध्याकाळचा सगळ्यात धारदार पूर्वपक्ष, म्हणजे सिद्धांतावरचा आक्षेप, मी विषयांतर म्हणून खाली बसवला होता.

न्यायसूत्रांतला, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथातला, वाद, जल्प आणि वितंडा यांतला फरक मला तोंडपाठ होता. सत्य कळावं म्हणून वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची नुसती मोडायची ती वितंडा. पण रागानं बोलणारा माणूसही वादच करत असू शकतो, हे मला तुमच्यामुळे कळलं.

आपण बसतो तिथून छत्रपती संभाजीनगरातलं नागसेनवन जवळ. बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेल्या तिथल्या कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचं नाव दिलं. त्या राजाला बौद्ध भिक्खू नागसेनांनी आधीच बजावलं होतं, पंडितासारखा बोलणार असशील तर बोलू, राजासारखा नाही. पंडित चूक दाखवतात, कबूल करतात, रागावत नाहीत. राजाला विरोध केला की दंड होतो. मी त्या दिवशी राजासारखी वागले, सर.

तुम्ही त्या मुलाला फोन केलात. तो आला तेव्हा त्याचा पूर्वपक्ष मला मांडायला लावलात, आणि तो "हो, हेच" म्हणेपर्यंत उत्तर द्यायला कुणाला परवानगी दिली नाहीत. त्यानं मला दोनदा थांबवलं. "ताई, असं नाही." तिसऱ्यांदा मान हलवली. मग काकांनीही शांतपणे, बराच विचार करून उत्तर दिलं. ते त्याला पटलं नाही. मलाही पूर्ण पटलं नाही. पण दोघं चहाला सोबत गेले.

तेव्हापासून आपल्याकडे हाच नियम आहे. वेळ फार जातो, अर्धे विषय पुढच्या रविवारवर जातात. जाऊ देत.

येत्या रविवारी तोच मुलगा पहिल्यांदा सूत्र सांभाळणार आहे. विषय नागसेनांनी मिलिंद राजाला दिलेल्या रथाच्या दृष्टांताचा: चाक, आस, जू सुटं केलं तर रथ कुठे राहतो? गुडघा बरा असेल तर पाच वाजता या. घ्यायला गाडी पाठवते.

आपली विद्यार्थिनी