आई-बाबा, या सणाला मी मुंबईतच आहे

प्रिय आई-बाबा,

शालोम. नव्याच्या सणाला, म्हणजे आपल्या ज्यू नववर्षाला, मी इस्रायलला, अशदोदला येणार नाही. मशीद बंदरला, सॅम्युएल स्ट्रीटच्या जवळ, चित्रांसाठी खोली घेतली आणि भाडंही आगाऊ दिलंय. रागावू नका, आधी पूर्ण वाचा.

खोलीत पाणी, पंखा, गॅस सगळं आहे. खिडकी उत्तरेला आहे, म्हणजे थेट ऊन फारसं येत नाही आणि सकाळी लावलेला रंग दुपारी वेगळा दिसत नाही. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत ब्रश धुऊन दिवा लावते. शनिवारी शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, म्हणून पेन्सिलही हातात घेत नाही.

फोटोवरून इथे अशदोदलाच काढ, असं आई म्हणेल. भायखळ्याच्या 1864 च्या मॅगन डेव्हिड सिनेगॉगचा, आपल्या प्रार्थनामंदिराचा, निळा रंग फोटोतून उचलता येत नाही गं. कॅमेरा सावल्या काळ्या करतो, आणि निळ्यात काळा मिसळला की रंग मरतो. सावलीसाठी त्यात चिमूटभर बर्न्ट सिएना, तो तांबूस तपकिरी रंग, लागतो. किती, ते समोर उभं राहूनच कळतं.

खरी घाई दारांची आहे. आपली ज्यू माणसं घर सोडताना मेझुझा, म्हणजे दाराला ठोकलेली धर्मवचनांची लांबट डबी, काढून नेतात. मागे उजव्या चौकटीवर, वरच्या तिसऱ्या हिश्शात, दोन खिळ्यांची भोकं आणि भोवती जुन्या रंगाचा लांबट चट्टा राहतो. शेजारी हमाल हातगाडी टेकवतात, कुणाला पत्ता नसतो. मला हेच रंगवायचंय. चाळ पाडायला निघाली की सागवानी चौकटी आधी विकल्या जातात, म्हणून पुढच्या वर्षी हे जमणार नाही.

बाबा, मूर्ती-चित्र करू नये या आज्ञेमुळे तुम्हाला माझं काम खटकतं, ठाऊक आहे. पण सीरियातल्या दुरा-युरोपोसच्या सिनेगॉगच्या भिंती तिसऱ्या शतकात मोशे आणि एस्तेरच्या चित्रांनी भरल्या होत्या. तुमच्याकडच्या बेत आल्फाला सहाव्या शतकातली फरशी आहे, मारियानोस आणि त्याचा मुलगा हनिना यांनी खडे बसवून केलेली. दोन्हीकडे देवाचा फक्त हात दाखवलाय. मी तोही काढणार नाही. देवाचं चार अक्षरी नावही कुठे लिहिणार नाही. ते लिहिलेला कागद टाकता येत नाही, जमिनीत पुरून ठेवावा लागतो, आणि विकलेलं चित्र पुढे कुठे जाईल याचा भरवसा नसतो.

पावसाची काळजी करू नका. कॅनव्हासला जेसोचे, म्हणजे पांढऱ्या अस्तराचे, तीन हात देते, प्रत्येक हात वाळला की बारीक पॉलिशपेपर फिरवते. मागूनही एक हात, म्हणजे ओल कमी शिरते. भिंतीला टेकवून ठेवलं तर पाठीला बुरशी धरते, म्हणून मध्ये चार बोटं जागा सोडते. तेलरंगाचा खालचा थर टर्पेंटाइनने पातळ, वरचा तेलकट. उलटं केलं तर खालचा सावकाश वाळत हलत राहतो आणि वरचा तडकतो. वार्निश सहा महिन्यांनी. तोवर चित्र विकायचं नाही, म्हणून पुढच्या भाड्याचे पैसे आधीच बाजूला काढलेत.

आई, मलिद्याचं ताटही काढतेय. पोहे, खोबरं, दोन्ही पांढरी! खोबऱ्याला थोडा पिवळा, पोह्यांना थोडा राखी, तेव्हा कुठे वेगळी दिसतात. तू वेलची कुटायला बसलीस की मी मांडीवर डोकं ठेवायची, तो वास अजून हवा असतो गं.

आता ऐका. दारफाळणीचा, म्हणजे योम किप्पूरचा, उपास करायचा की नाही, हे बाबांनी स्वतः ठरवायचं नाही. आठवडाभर आधी मधुमेहाच्या गोळ्या बरोबर घेऊन डॉक्टरकडे जा. ते नको म्हणाले तर खायचं. जीव वाचवणं उपासाच्या आधी येतं, हे धर्मच सांगतो. मलिद्यातली साखर बाबांना कमी, खजूर एकच. सायरन वाजला की जिथे आसरा घेता त्या खोलीच्या वाटेत खुर्ची, चपला ठेवू नका. बेत आल्फाला दादाबरोबर जा, पण नोव्हेंबरात. त्या खोऱ्यात उन्हाळा सोसणार नाही.

पेसाखला, वसंतातल्या सणाला, मी नक्की येते. आईसाठी कोकम आणते, आणखी काय हवं ते कळवा.

तुमची,
बाळी