वासरांच्या बूस्टरचं काय?

मा. पशुपालन व डेअरी मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सप्रेम नमस्कार.

गाई-म्हशींच्या लाळ-खुरकुत रोगाच्या मोफत लसीकरणाचा केंद्राचा कार्यक्रम 2019 मध्ये सुरू झाला. तो चांगलाच आहे. आमचं म्हणणं वासरांपुरतं आहे.

वासराला पहिला डोस चार महिन्यांनी देतात. त्याआधी चिकातून आलेली आईची प्रतिकारशक्ती लशीला काम करू देत नाही. पण या एका डोसाचं बळ तोकडं असतं, महिन्याभरात बूस्टर, म्हणजे जोर देणारा दुसरा डोस, हवाच. लसीकरणाची फेरी मात्र सहा महिन्यांनी येते. इंदूरजवळच्या सांवेर-देपालपूरकडे दोन-चार जनावरं पाळणाऱ्याच्या गोठ्यात बूस्टर राहतो तो असा. रोग आला की गाय लंगडते, लाळ गाळते, दुधाला कमी होते. वासराच्या मात्र हृदयावरच घाला पडतो, आणि तोंडात फोड दिसायच्या आत ते दगावतं.

जनावराच्या कानातल्या बिल्ल्याच्या 12 आकडी नंबरावर लशीची तारीख नोंदलेली असतेच. त्यावरून पहिला डोस झालेल्या वासरांची गाववार यादी काढावी आणि 28 दिवसांनी फक्त त्यांच्यासाठी गोसेवकाला, म्हणजे गावात लस टोचणाऱ्या कार्यकर्त्याला, पाठवावं. पूर्ण फेरीची गरज नाही.

लशीची पेटीही एकदा उघडून बघा. लस 2 ते 8 अंशांतच राहायला हवी. उन्हाची काळजी सगळे घेतात, बिघडते ती बर्फाने. फ्रीझरमधून काढलेल्या आइसपॅकला बाटली चिकटली की लस गोठते, तिच्यातलं तेल-पाणी वेगळं होतं, आणि मग ती हलवून दिली तरी उपयोग नाही. आइसपॅकला घाम फुटेपर्यंत तो बाहेर ठेवावा, बाटली कागदात गुंडाळावी. एवढंच!

सुई प्रत्येक जनावराला वेगळी हवी. एकाच सुईने अख्खी आळी उरकली, तर रक्तातले जंतू गोठ्यागोठ्यांत आपणच पोचवतो. डोस 2 मिली, मानेच्या स्नायूत खोल. आणि वेळ सकाळच्या धारा काढून झाल्यावरची. दुपारी जनावरं रानात असतात, मग "मालक घरी नाही" असा शेरा पडतो. लशीनंतर एक-दोन दिवस दूध थोडं घटू शकतं, हे आधी सांगितलं तर माणसं दार लावून घेणार नाहीत.

बूस्टरची तारीख आणि वासरांची यादी आठ दिवस आधी दूध संकलन केंद्राच्या फळ्यावर लावण्याचे आदेश द्यावेत, ही विनंती.

आपले,
इंदूर परिसरातील मराठी पशुपालक