बारा गोळ्यांच्या मॅगझिनची तक्रार : बदलून नको, पैसे वापस पाह्यजे

प्रति,
मॅनेजर साहेब, ग्राहक तक्रार विभाग

विषय : .३२ बोअर कॉम्पॅक्ट पिस्तुलासाठी घेतलेली तुमच्यावाली एक्स्टेंडेड मॅगझिन अडकते, त्याबद्दल

नमस्कार साहेब,

फोनवर तुमच्या कस्टमर केअरच्या पोरीले सगळं सांगून झालं, ईमेलले ऑटोमॅटिक उत्तर आलं, म्हणून आता हे सविस्तर लिहून राह्यलो, पूर्ण वाचा मग बोला. मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्हा तालुक्यात रोडवर माझा पेट्रोल पंप आहे. आता बरेच लोक फोननं पैसे देतात पण पेरणीच्या टायमाले ट्रॅक्टरवाले डिझेल रोखीनंच घेतात, कापूस विकून आलेला माणूस खिशातून नोटाच काढते, त्यामुळे संध्याकाळी रोकड घेऊन तालुक्याले जावं लागते आणि मधात बराच रस्ता असा आहे की जिथं ना लाईट ना मोबाईलची रेंज. त्याच्यासाठी लायसन आहे, रीतसर आहे, रिन्यू केलेलं आहे. पिस्तूल सरकारी फॅक्टरीचं, बत्तीस बोअर. आपल्याकडे साध्या माणसाले नऊ एमएम मिळत नाही, ते प्रोहिबिटेड बोअर, म्हणून पिस्तूल घ्यायचं म्हटलं की बहुतेक लोक बत्तीसवरच येतात, हे तुमाले माझ्यापेक्षा जास्त माहीत असन कारण तुमचा धंदाच त्याच्यावर आहे.

ओरिजिनल मॅगझिन, म्हणजे मुठीत घालायची गोळ्यांची डबी, आठ गोळ्यांची आहे. तिची काही तक्रार नाही, आजपर्यंत तिनं दगा दिला नाही. पण पिस्तूल लहान, मूठ लहान, करंगळी खाली लोंबकळत राहते, आणि आठच्या जागी बारा असले तर बरंच, असा विचार करून गन हाऊसमधून तुमची मॅगझिन घेतली. पक्कं बिल आहे, रजिस्टरमध्ये नोंद आहे, लायसनची झेरॉक्स दिली आहे. खोक्यावर काय लिहिलं होतं तेही सांगतो, कारण मी ते खोकं ठेवलं आहे: बारा राऊंड, सगळ्या कॉम्पॅक्ट बत्तीसले फिट, फॅक्टरी टेस्टेड, शंभर टक्के भरोसा. आता एकेक पाहू.

बाराचं पहिले घ्या. बारावी गोळी जाते, जात नाही असं नाही, अंगठ्याची सालं निघतात पण जाते. मात्र बारा भरून स्लाईड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, बंद असताना मॅगझिन पिस्तुलात लावून पाहा, कॅचपर्यंत, म्हणजे तिले पकडून ठेवणाऱ्या खटक्यापर्यंत, पोचतच नाही. तळहातानं ठोका, गुडघ्यावर ठेवून दाबा, टिक असा आवाज येतच नाही, आणि आवाज नाही म्हणजे ती लॉक झाली नाही, पहिल्या फायरले खाली पायावर पडणार. मी बेसप्लेट, म्हणजे मॅगझिनच्या बुडाची पट्टी, काढून पाह्यली. आतल्या फॉलोअरचा, म्हणजे गोळ्यांले खालून वर ढकलणाऱ्या तुकड्याचा, पाय इतका लांब बनवला आहे की बारा भरल्यावर तो जाऊन खाली टेकते, मग वरच्या गोळीले दबायले जागाच उरत नाही. स्लाईड उघडी ठेवून लावली तर लागते, अकरा भरल्या तर बंद स्लाईडवरही लागते. म्हणजे ही अकराची मॅगझिन आहे आणि पैसे बाराचे घेतले. हे एवढंच असतं ना साहेब तर मी पत्र लिहिलं नसतं, अकरावर भागवून घेतलं असतं.

खरा तमाशा रेंजवर झाला. आमच्या इकडे काही गावाबाहेर जाऊन नाल्यात ठोकून पाहता येत नाही, लायसन जाईन, त्यामुळे यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी करत नागपूरले रेंजवर जावं लागते, दिवस जाते, पंपावर दुसरा माणूस बसवावा लागते. आणि काडतूस म्हणजे काही भुईमुगाच्या शेंगा नव्हेत की पायलीभर घेतल्या अन फोडत बसलो. लायसनवर कोटा लिहून राहते, एकेक गोळी हिशोबाची. तुमच्या एका मॅगझिनच्या मागे माझा किती कोटा गेला त्याचा विचार तुमच्या ऑफिसात कोणी केला काय?

पहिल्या दोन-तीन गोळ्या मस्त गेल्या. मनात म्हटलं चला, पैसे वसूल. मग स्लाईड अर्ध्यात थांबली. ट्रिगर मऊ पडला, वरून पाह्यलं तर गोळीचं नाक खाली झुकलेलं, रॅम्पच्या, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेल्या उताराच्या, खाली तोंड खुपसून बसलेली. रेंजवरचे उस्ताद म्हणाले नळी समोरच ठेवा, मॅगझिन काढा. काढली. वरच्या गोळीवर बोट ठेवून दाबली तर हालत नाही. दगडासारखी. खालून स्प्रिंग वर ढकलत आहे पण गोळ्या एकमेकीत अशा फसल्या की ताकद वरपर्यंत पोचतच नाही. उस्तादानं मॅगझिनच्या बाजूच्या भोकातून दाखवलं आणि म्हणाले, हे पाहा, रिम लॉक.

आता हे तुमाले मी सांगायचं म्हणजे न्हाव्याले वस्तरा शिकवण्यासारखं आहे, पण तुमच्या फोनवाल्या पोरीनं हा शब्द ऐकलाच नव्हता म्हणून लिहितो. बत्तीसचं काडतूस हत्यारं बनवणाऱ्या अमेरिकन ब्राउनिंग साहेबानं १८९९ च्या सुमाराले काढलं, तेव्हापासून त्याच्या बुडाशी बारीकशी कडा आहे, अंगापेक्षा जराशी बाहेर, म्हणूनच त्याले सेमी-रिम म्हणतात. ती कडा कामाची आहे, काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, किती आत जायचं ते तिच्यावरच ठरते. पण मॅगझिनमध्ये गोळ्या एकावर एक बसल्या की वरच्या गोळीची कडा खालच्या कडेच्या पुढे पाह्यजे. ती मागे सरकली की संपलं, पुढे जायले गेली की खालचीची कडा तिले अडवते. म्हणून मॅगझिनचा चांगला डबा असा बनवतात की आत गोळीले पुढेमागे फिरायले जागाच राहत नाही. ओरिजिनल डब्यात गोळी हलवून पाहा, नावापुरती हलते. तुमच्या डब्यात गोळी झोपाळ्यावर बसल्यावाणी पुढेमागे होते. गावातल्या लेथवाल्याकडून व्हर्नियर लावून मोजलं, आतली लांबी ओरिजिनलपेक्षा सरळसरळ मिलीमीटरभर जास्त निघाली. फायर झाल्यावर पिस्तूल झटका देते, त्या झटक्यात गोळ्या आत सरकतात, जेवढी जागा जास्त तेवढी कडा मागे पडायची शक्यता जास्त. मॅगझिन जेवढी लांब तेवढ्या गोळ्या जास्त वेळ आत झटके खातात, मग तर आतली जागा अजूनच नेमकी पाह्यजे ना! सगळ्या पिस्तुलांले फिट व्हावी म्हणून तुमी डबा ढिला ठेवला असन असा माझा अंदाज आहे. सगळ्यांले फिट होते ती एकालेही फिट होत नाही राजेहो.

मी काही एकदा अडकली म्हणून रडणारा माणूस नाही. काडतूस बदलून पाह्यलं, दुसऱ्या लॉटचं. भरताना प्रत्येक गोळीची कडा पुढे घेऊन, बोटानं तपासून, मॅगझिनचा मागचा भाग तळहातावर ठोकून मग लावली. कमी भरून पाह्यली. उस्तादानं स्वतःच्या हातानं चालवून पाह्यली, म्हणजे पकड ढिली असन वगैरे म्हणायची सोय तुमाले राह्यली नाही. त्याच पिस्तुलात, त्याच गोळ्या, त्याच उन्हात लगेच ओरिजिनल मॅगझिन लावली, ती शेवटपर्यंत सुरळीत गेली. तुमचीवाली परत लावली, परत अडकली. याचा व्हिडिओ आहे, सोबत पाठवतो.

आता स्प्रिंग. ही गोष्ट तर मले सगळ्यात जास्त लागली कारण यात सरळ कंजूषपणा दिसते. अडकली नाही त्या वेळी काय झालं, तर शेवटच्या दोन गोळ्यांले स्प्रिंगमध्ये दमच राहत नाही. स्लाईड मागे जाऊन पुढे येते तरी गोळी वर पोचलेली नसते, स्लाईड तिच्यावरून निघून जाते, चेंबर रिकामं, आणि तुमी ट्रिगर दाबला की नुसतं टिक. ते टिक रेंजवर ऐकलं म्हणून हसून सोडलं, तेच रात्री दारव्ह्याच्या रस्त्यावर ऐकलं असतं तर? घरी येऊन दोन्ही स्प्रिंगा टेबलावर बाजूबाजूले ठेवल्या, बायको म्हणे हे काय दुकान मांडलं. तुमचा डबा ओरिजिनलपेक्षा दोन बोटं उंच आहे आणि स्प्रिंग मात्र ओरिजिनलपेक्षा नखभर जास्त. तार तेवढीच जाड. म्हणजे आठच्या मॅगझिनची स्प्रिंग घेतली आणि बाराच्या डब्यात टाकून दिली. सुरुवातीले डबा भरलेला असते तेव्हा ती दबलेली राहते म्हणून जोर वाटते, डबा रिकामा होत आला की ढिली पडणारच, हे तर नळावरच्या हँडपंपचं काम करणारा पोट्टाही सांगन.

शेवटची गोळी गेल्यावर स्लाईड मागे उघडी राहाले पाह्यजे, ओरिजिनलवर राहते. तुमच्यावर कधी राहते कधी नाही. फॉलोअर प्लास्टिकचा, त्याच्या ज्या खांद्यानं स्लाईड स्टॉप, म्हणजे स्लाईड मागे अडवणारा खटका, वर उचलायचा तो खांदा इतक्यातच घासून गोल झाला.

आणि एक गोष्ट जी खोक्यावर लाल अक्षरात लिहायले पाह्यजे होती. ओरिजिनलची बेसप्लेट मुठीले टेकते, त्यामुळे कितीही जोरात मारली तरी ती एका हद्दीच्या वर जात नाही. तुमची लांब, तिले वर थांबवणारं काहीच नाही, ना कॉलर ना काही. स्लाईड उघडी ठेवून जरा जोरात लावली तर ती कॅचच्याही वर चढून जाते आणि लिप्स, म्हणजे गोळी धरून ठेवणारे वरचे काठ, जाऊन इजेक्टरले, म्हणजे रिकामं काडतूस बाहेर फेकणाऱ्या भागाले, धडकतात. उस्तादानं वेळेवर हात धरला म्हणून वाचलं, नाहीतर पाचशे-हजाराच्या डब्यापायी सरकारी पिस्तुलाचा इजेक्टर वाकला असता आणि त्याच्या रिपेअरले कुठं कुठं अर्ज करत फिरावं लागलं असतं ते लायसनवाल्यालेच माहीत.

आता तुमच्या कस्टमर केअरबद्दल. पहिले तर अर्धा घंटा हिंदीत गाणं ऐकवलं. मग म्हणे सर ब्रेक-इन पिरियड राहते, अजून गोळ्या चालवा. अरे बाप्पा, कोट्यातल्या गोळ्या मी तुमच्या डब्याच्या मुंजीसाठी चालवू काय? नवीन मॅगझिन थोडी कडक असते हे मान्य, पण गोळ्या चालवून डब्याची आतली लांबी कमी होते काय? दुसरा फोन केला तर दुसरा म्हणे आठवडाभर पूर्ण भरून ठेवा, स्प्रिंग सेट होईन. जी स्प्रिंग आधीच कमजोर आहे तिले दाबून ठेवायचं आणि मग ती जोरदार होईन, हे कोणतं शास्त्र आहे? तिसऱ्यानं धूळ आणि उन्हावर टाकलं, तुमच्या भागात टेंपरेचर जास्त राहते ना सर. हो राहते. विदर्भात मे महिन्यात पंचेचाळीस होते, हे काही आमी लपवून ठेवलं नाही. पण ओरिजिनल मॅगझिनही इथंच राहते, माझ्याच कमरेले, तिले ऊन लागत नाही काय?

आणि शेवटी म्हणे मॅगझिन कुरिअरनं पाठवून द्या, आमी चेक करतो. साहेब, हा हत्याराचा पार्ट आहे, डीलरच्या रजिस्टरमध्ये माझ्या नावावर चढलेला आहे. मी तो साध्या कुरिअरच्या थैलीत टाकून देऊ आणि उद्या रस्त्यात गहाळ झाला की ठाण्यात जाऊन उत्तर कोण देणार, तुमची पोरगी? हत्याराच्या धंद्यातल्या कंपनीनं ग्राहकाले असं सांगावं याचंच मले नवल वाटते. वापस जाईन तर त्याच गन हाऊसमधून, नोंद करून, पावती घेऊन. गन हाऊसवाल्याशी बोललो आहे, तो बिचारा म्हणते कंपनीचं पत्र आलं की मी लगेच घेतो, म्हणून पत्र तुमी त्यालेच पाठवा, मले एक कॉपी.

बदलून दुसरी देतो असं म्हणू नका, मले ती नको. डबा तोच, साचा तोच, मग दुसरी काय वेगळी चालणार? पूर्ण पैसे पाह्यजे, बिलाप्रमाणे, आणि वाया गेलेल्या काडतुसाचे पैसे पाह्यजे, त्याचं बिलही जोडलं आहे. गाडीचं डिझेल मी मागत नाही, पंप माझाच आहे. त्याच्यासोबत मले लेखी उत्तर पाह्यजे की फॅक्टरी टेस्टेड म्हणजे कोणत्या पिस्तुलात टेस्ट केली, कोणत्या काडतुसावर, आणि शेवटच्या गोळीपर्यंत चालवली की नुसती भरून हातानं स्लाईड ओढून पाह्यली. हे उत्तर माझ्यासाठी नाही. हीच मॅगझिन ज्यानं घेतली आणि रेंजवर न जाता डायरेक्ट कमरेले लावली असा माणूस कुठं तरी असनच, त्याले कोण सांगणार? सगळ्या डीलरले कळवा, जिथं जिथं माल गेला तिथून वापस बोलवा.

पंधरा दिवस वाट पाहतो. मग ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे, त्यात ग्राहक जिथं राहते त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे मले तुमच्या शहरात यायची गरज नाही, तुमाले यवतमाळले यावं लागन. पाच लाखापर्यंतच्या मामल्याले तिथं फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे, मले घाई नाही. ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ नंबरवर फोन करून नोंद मात्र मी आधीच करणार आहे.

सोबत : मॅगझिनचं बिल, काडतुसाचं बिल, खोक्याचा फोटो, दोन्ही स्प्रिंगांचा बाजूबाजूले ठेवलेला फोटो, रेंजवरचा व्हिडिओ. लायसनची कॉपी जोडली नाही, ती गन हाऊसकडे आहे, पाह्यजे तर त्यांच्याकडून मागा.

फोन करायचा असन तर सकाळी अकराच्या आधी करा, त्याच्यानंतर पंपावर गर्दी राहते आणि मी उचलत नाही. गाणं ऐकवणाऱ्या नंबरवरून करू नका.

तुमचा ग्राहक
(नाव, पत्ता, नंबर बिलावर आहे)