गोळीला मी हो म्हणून आलेय

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, रागावू नकोस. गाठीवरच्या लेट्रोझोलच्या गोळीला मी हो म्हणून आलेय, तुला न विचारता. आधी फोन केला असता तर तू ‘आता पुरे’ म्हणाली असतीस, आणि ते मला ऐकवलं नसतं.

तुझ्या २०१२ च्या ऑपरेशनचा आणि या वेळचा, गाठीचे मेणात बसवलेले तुकडे, म्हणजे दोन्ही ब्लॉक, डब्याच्या पिशवीत घालून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला नेले. रात्रभर पिशवी उशाशी. गाठ तीच आहे, अंडाशयातली, ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर. इतक्या वर्षांनी परतली कशी, हे बाबा सारखं विचारतात. हा आजारच सावकाश. वीस वर्षांनीही डोकं वर काढतो. तुझ्या उपासांचा, बाबांच्या हयगयीचा त्यात काडीचा संबंध नाही.

बाबा, तुम्ही फोनवर नुसतं ‘हं हं’ करता, म्हणून लिहिते. पेशीत हार्मोन धरून ठेवणाऱ्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. काचेवरच्या कापावर रसायन लावलं की त्या तपकिरी दिसतात. आईच्या गाठीत प्रोजेस्टेरॉनचे भरपूर निघाले, इस्ट्रोजेनचे थोडे. पाळी गेल्यावरही अंगातल्या चरबीत इस्ट्रोजेन बनत राहतं, ही गाठ स्वतःही बनवते. म्हणून तर तेव्हा पाळी जाऊन पाच वर्षांनी रक्त दिसलं होतं. लेट्रोझोल ते बनणंच रोखतं. सूत मिळालं नाही की माग उभा राहतो, हे तुम्हाला मी काय सांगू!

खोटी आशा दाखवत नाही. आजार दुर्मीळ, त्यामुळे हजारो बायकांवर पारखलेलं असं काही नाही. या जातीच्या गोळ्यांनी गाठ आटल्याचं फार थोड्या जणींत दिसलंय. पण बऱ्याच जणींत ती काही काळ होती तिथंच थांबली. उरलेल्या गाठी बारीक आहेत. केमो हाताशी आहेच, लागली तर नंतर.

आणि खरं सांगू? मला ते २०१२ पुन्हा बघवणार नाही. तोंड इतकं आलेलं की तुला कडक भाकरी सोड, वरणसुद्धा झोंबायचं. मी दुधात पोळी कुस्करून भरवायचे, चिऊचा एक, काऊचा एक. गोवरात तू मला भरवायचीस तसंच.

आता रोज अडीच मिलिग्रॅमची एकच गोळी, घरच्या घरी, तुझ्या खिडकीजवळच्या पलंगावर. सलाइन नाही, मुंबईत राहायचं नाही. गड्ड्याच्या जत्रेला नंदीध्वज बघायला आपण तिघं जाऊ.

पण ऐकायचं. गोळी रात्री जेवल्यावर. कॅलेंडरवर खूण बाबांनी करायची. सांधे धरतील, अंगातून वाफा निघतील, ते लगेच सांगायचं. मागच्या वेळेसारखं मनात ठेवायचं नाही. दोष देत नाही गं, भीती वाटते. हाडं विरळ होऊ शकतात, म्हणून कॅल्शियम चुकवायचं नाही, आणि पाणी येईल त्या दिवशी घागरी उचलायच्या नाहीत. बाबा, तुम्हीही नाही, कमरेचं विसरलात? डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाचं चूर्ण घरात आणायचं नाही. इन्हिबिनची, म्हणजे ही गाठ रक्तात सोडते त्या हार्मोनची, रक्ततपासणी तीन महिन्यांनी; तारीख मी लक्षात ठेवते.

शनिवारी सकाळी पोचते. शेंगाचटणी कुटत बसू नकोस, मी येऊन कुटीन. पहिली गोळी माझ्यासमोर घे.

तुमची,
मनू