नागपुरातल्या बर्डीच्या कॉम्प्युटरवाल्या भाऊंचे जाहीर आभार

भाऊ, सप्रेम नमस्कार.

नवीन ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर पडदा धुरकट दिसायला लागला की बहुतेक ठिकाणी दोनच उत्तरं मिळतात: कार्ड बदला, नाहीतर मॉनिटर बदला. तुम्ही यातलं काहीच सुचवलं नाही. आधी मॉनिटरचं बटण दाबून त्याचाच मेनू उघडलात. त्यासाठी आणि त्यापुढे जे शिकवलंत त्यासाठी महाल भागातल्या आम्हा डीटीपीवाल्यांकडून (कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवणाऱ्यांकडून) मनापासून आभार. मराठी मजकूर जुळवणाऱ्याला ‘सर्वात’ आणि ‘सर्वांत’ यांच्यातला ठिपका दिसलाच पाहिजे. दहा पॉइंटात तो पसरला तर प्रूफ वाचून उपयोग नाही.

तुमचा क्रम इथे मुद्दाम लिहून ठेवतो, म्हणजे इतरांच्याही कामी येईल. मॉनिटरच्या माहितीच्या पानावर आत येणाऱ्या सिग्नलचं रिझोल्यूशन, म्हणजे आडव्या-उभ्या पिक्सेलचा आकडा, दिसतं. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड भागात डेस्कटॉप मोड आणि ॲक्टिव्ह सिग्नल मोड अशा दोन ओळी असतात. मॉनिटर 1920×1080 चा असेल तर तिन्ही ठिकाणी हाच आकडा हवा. कुठे 1280×1024 दिसलं, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर’ लिहिलंय का ते बघायचं. तसं असेल तर कार्डाचा ड्रायव्हरच, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, बसलेला नाही. आणि केबल मदरबोर्डाच्या पोर्टात नाही, कार्डाच्याच पोर्टात आहे ना, हे त्याहीआधी.

आमच्याकडे तिन्ही आकडे बरोबर होते, तरी अक्षर फुटत होतं. खरी कमाल तुम्ही इथे केलीत. एचडीएमआयवर कार्ड कधी कधी मॉनिटरला टीव्ही समजतं. मग रंग आरजीबीऐवजी (लाल, हिरवा, निळा) वायसीबीसीआर 4:2:2 मध्ये, म्हणजे उजेड आणि रंग वेगळे करणाऱ्या पद्धतीत, जातो. यात उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची पूर्ण जाते, पण रंगाची माहिती आडव्या दोन पिक्सेलमध्ये एकच. म्हणून पांढऱ्यावरचं काळं अक्षर बरं दिसतं आणि लाल दुरुस्त्या मात्र कडेने फिस्कटतात. तुम्ही काळ्या पट्टीवर लाल ‘क’ टाईप करून तो मोठा न करता जवळून दाखवलात, तेव्हा दोष कुठला ते लगेच कळलं.

उपाय एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्येच होता. ‘चेंज रिझोल्यूशन’च्या यादीत टीव्हीचे आकडे वर आणि ‘पीसी’ गट खाली असतो. 1920×1080 त्या खालच्या गटातलं निवडायचं. मग एनव्हिडियाच्या रंग सेटिंगवर खूण करून आउटपुट आरजीबी आणि रेंज ‘फुल’. रेंज ‘लिमिटेड’ राहिली तर काळा रंग राखाडी पडतो. एएमडी कार्ड असेल तर पिक्सेल फॉरमॅट आरजीबी 4:4:4 आणि एचडीएमआय स्केलिंग 0 टक्के. टास्कबारची कड कापली जात असेल तर तो ओव्हरस्कॅन, म्हणजे चित्र पडद्याबाहेर ताणलं जाणं. मॉनिटरच्या मेनूत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘1:1’ केलं की जातो.

जुन्या व्हीजीए (ॲनालॉग केबलच्या) मॉनिटरचंही तुम्ही नीट उलगडून सांगितलंत. नव्या कार्डांवर ॲनालॉग सिग्नलच नसतो, म्हणून आत चिप असलेला ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो. त्यात पिक्सेल कुठे सुरू होतो याचा अंदाज मॉनिटरलाच बांधावा लागतो. ‘ऑटो’ बटण दाबताना पडदाभर बारीक मजकूर उघडा हवा. काळ्या पडद्यावर दाबलं तर क्लॉक आणि फेज (पिक्सेल जुळवायची मॉनिटरची मापं) चुकीचे बसतात.

पेजमेकरचं सांगितलंत त्याचे आभार तर वेगळेच मानायला हवेत. विंडोजचं स्केलिंग 125 किंवा 150 टक्के असलं की पानं जुळवायचा हा जुना प्रोग्राम चित्रासारखा ताणला जातो, आणि दोष विनाकारण कार्डावर येतो. प्रोग्रामच्या फाईलवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’, आणि ओव्हरराईडमध्ये ‘ॲप्लिकेशन’. टूलबार लहान होतो खरा, पण अक्षर कापल्यासारखं स्वच्छ येतं.

एफएक्सएए (कडा मऊ करणारी एनव्हिडियाची सोय) ‘ग्लोबल’मध्ये बंद ठेवायचं, डीएसआरचे (मॉनिटरपेक्षा मोठं चित्र काढून लहान करण्याचे) मोठे आकडे डेस्कटॉपला लावायचे नाहीत, आणि क्लिअरटाईप (विंडोजची अक्षर गुळगुळीत करायची सोय) सगळ्यात शेवटी. मॉनिटरची शार्पनेस वाढवून धुरकटपणा झाकायचा नाही, हे तुम्ही ठासून सांगितलंत ते फार बरं झालं. तिने अक्षराभोवती पांढरी कड येते आणि मूळ दोष सापडेनासा होतो.

स्क्रीनशॉट काढून तो मोबाईलवर बघायची तुमची युक्ती आता इथे सगळे वापरतात. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर केबल, सिग्नल आणि मॉनिटर तपासायचा; तोही धुरकट असेल तर विंडोज नाहीतर प्रोग्राम.

आपले स्नेही,
डीटीपी करणारी मंडळी, महाल, नागपूर