साडेसात लाखांचे साडेदहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा शेजारचे गृहस्थ मुलाचं अलॉटमेंट लेटर घेऊन आले. बी.आर्क., पुण्यातलं खाजगी कॉलेज. "काका, तुम्ही पतसंस्थेत कर्ज विभागात होता, जरा हप्ता काढून द्या." मी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून लेकीच्या शैक्षणिक कर्जाचा खातेउताराच त्यांच्यापुढे ठेवला.

मुलगी 2017 साली पुण्याला आर्किटेक्चरला गेली. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, म्हणून कर्जही बरोबर साडेसात लाखांचंच काढलं. एकोणतीस वर्षं दुसऱ्यांना "हप्ता झेपेल ना?" असं विचारणारा मी, घरचा अर्ज आला तेव्हा सहकर्जदार म्हणून सही करून मोकळा झालो.

कोर्स पाच वर्षांचा, त्यावर एक वर्ष हप्ता नाही. ही सवलत ऐकायला गोड वाटते, पण व्याज त्या काळात थांबत नाही. दरवर्षी दीड लाख उचलले आणि दर दहा टक्के धरला, तर पहिल्या दीड लाखावर सहा वर्षांचं व्याज चढतं, दुसऱ्यावर पाच, असं करत शेवटच्यावर दोन. बेरीज बरोबर तीन लाख. म्हणजे पहिला हप्ता सुरू होतो तेव्हा साडेसातचे साडेदहा झालेले असतात. पंधरा वर्षांच्या मुदतीला महिना साधारण 11,300 रुपये. शेवटी बँकेला जातात वीस लाखांच्या वर.

आता दुसरी बाजू. मुलीचा 2022 मधला पहिला पगार 15 हजार. कॉट बेसिसवर राहायचे सात हजार, मेसचे साडेतीन. त्याआधी कोर्समधलं एक सत्र प्रॅक्टिकल ट्रेनिंगचं, तेही लॉकडाऊनच्या दिवसांत घरी बसून, दोन महिने मानधन शून्य, कारण "शिकायला मिळतंय ना?" हप्ते 2023 मध्ये सुरू झाले तेव्हा पगार 18 हजार होता. निम्मा हप्ता अजून माझ्या ठेवींच्या व्याजातून जातो. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात सवलत आहे म्हणे. 18 हजार पगाराला आयकरच लागत नाही, सवलत घेणार कशात?

ग्राहकाकडून बांधकाम खर्चाच्या किती टक्के फी घ्यावी, याचं वास्तुकला परिषदेचं दरपत्रक आहे. मुलीचा पगार ठरवताना तसं काही कुणी पुढे केलं नाही. शिवाय आमच्यासारख्या गावात घर बांधणारा माणूस आधी सिव्हिल इंजिनिअरकडे जातो. मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की 1972 चा आर्किटेक्ट्स कायदा 'आर्किटेक्ट' ही उपाधी राखून ठेवतो, काम नव्हे. नोंदणी नसलेला माणूस नकाशा काढू शकतो, फक्त स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकत नाही. पाच वर्षं घासून मिळतो तो शब्द, धंदा ज्याचा त्याने शोधायचा.

शिक्षण वाया गेलं असं मात्र मी म्हणणार नाही. तिचं थीसिसचं मॉडेल अजून आमच्या कपाटावर आहे. 2019 च्या महापुरानंतर तिला सुचलेली, खाली पाणी शिरलं तरी वरच्या मजल्यावर चालू राहील अशी मंडई. ओट्यांच्या मधून हातगाडी वळेल एवढी जागा सुद्धा तिने मोजून सोडली आहे. सनबोर्ड, लेझर कटिंग आणि नकाशांचे मोठे प्रिंट मिळून 19 हजार गेले. ते कर्जात बसलेच नाहीत, तिच्या आईच्या भिशीतून दिले. सध्या ती मॉड्युलर किचनचे थ्रीडी व्ह्यू काढते. पगार 30 हजार आहे आणि तक्रार करत नाही. तक्रार माझी आहे.

2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क शासन भरतं. आमची दोन वर्षं आधीच बाहेर पडली, आणि शेजाऱ्यांचा तर मुलगा! त्यांना मी एवढंच सांगितलं, की जाऊ द्या त्याला, हात चांगला आहे त्याचा. पण व्याज पहिल्या महिन्यापासून भरा. पहिल्या वर्षी ते महिना 1,250 पडतं, पाचव्या वर्षी 6,250. शिकत असताना व्याज भरत गेलं तर अनेक बँका दरातही एक टक्का सोडतात, ते लेखी घ्या. मला हे ठाऊक होतं, तरी मी केलं नाही. त्या वर्षी धाकट्याची फी होती, पुढच्या वर्षी घराची गळती.

प्रवेशाच्या वेळी कॉलेजं फी सांगतात, जागा सांगतात, वसतिगृहाचे फोटो दाखवतात. आधीच्या बॅचला बाहेर पडल्यावर हातात किती पगार मिळाला, एवढा एकच रकाना त्यात वाढवावा. आणि कर्ज मंजूर करताना बँकेने सहा वर्षांनी सुरू होणाऱ्या हप्त्याचा आकडा मुलाला स्वतःच्या हाताने अर्जावर लिहायला लावावा. सही मागाहून घ्यावी.

आपला नम्र,
एक पालक, सांगली