वाड्याच्या संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी

शहापूर, बेळगाव

प्रिय अनंत,

सप्रेम नमस्कार.

तुमचा वाडा पाडून विकसनासाठी बिल्डरला द्यायचे घरात ठरत आले असून संमतीपत्रावर आता केवळ तुझीच सही राहिली आहे, हे तुझ्या पत्रातून कळले. तू माझे मत मोकळेपणाने विचारलेस, म्हणून मीही मोकळेपणानेच लिहितो. निदान येता पावसाळा उलटेपर्यंत ही सही करू नकोस.

दादांचे म्हणणे चुकीचे आहे असे मला मुळीच वाटत नाही. वहिनींना रात्री-अपरात्री परड्यातल्या संडासापर्यंत जावे लागते, जिना इतका उभा आहे की काकूंनी माडीवर जाणे केव्हाच सोडले, आणि सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर इतकी नावे चढली आहेत की दुरुस्तीचा खर्च कोणी किती उचलायचा, हा प्रश्न दरवर्षी तसाच पुढे ढकलला जातो. त्यात बिल्डर प्रत्येकाला एकेक फ्लॅट आणि वर गाळ्यांच्या भाड्यात वाटा देऊ करतो, तेव्हा वाटणीचा सगळा गुंता एका कागदाने सुटल्यासारखा वाटतो. तिथे राहणाऱ्या माणसाला दुरून वारशाचे महत्त्व सांगणे सोपे असते, याची मला जाणीव आहे.

तरीही परवा दादांच्याच परवानगीने एक जुना गवंडी आणि एक सुतार बरोबर घेऊन मी वाडा पुन्हा नीट पाहिला, आणि जे पाहिले ते तुला कळणे आवश्यक आहे. माजघराच्या पश्चिमेकडील भिंतीला पोट आले आहे, हे खरे. वाडा मोडकळीस आल्याचा पुरावा म्हणून सगळे तीच भिंत दाखवतात. परंतु त्या भिंतीच्या बरोबर वर मंगलोरी कौले फुटलेली आहेत आणि त्यांच्या जागी प्लॅस्टिकचा कागद अंथरून वर विटा ठेवल्या आहेत. कौले परतायचे, म्हणजे काढून पुन्हा नीट बसवायचे, बंद झाल्यापासून पाणी आधी रिपांत, मग वाशांत आणि शेवटी भिंतीच्या मातीत उतरत गेले. दुसरी इजा खालच्या बाजूला आहे. ओल दिसते म्हणून कोणीतरी जोत्यापासून कमरेइतक्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा केला. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतली ओल बाहेर निघून जाते, सिमेंट ती आतच कोंडून ठेवते. त्यामुळे गिलाव्यामागच्या जांभ्याच्या चिऱ्यांना लोणा लागून त्यांचा भुगा होऊ लागला आहे. उलट सोप्यातले, म्हणजे पुढच्या पडवीतले, सागवानी खांब सुताराने तळखड्याजवळ पटाशी टोचून एकेक करून तपासले, तर पटाशीचे टोकही आत शिरेना. तुळया सरळ आहेत, आणि दर्शनी भिंतीच्या चिऱ्यांचा एकही थर हललेला नाही. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि वाऱ्याला लागून कठीण होत जातो. तुमच्या दर्शनी भिंतीवर गवंड्याने थापी आपटली तेव्हा खणखणीत आवाज आला. आजारी आहे ते छप्पर आणि एक भिंत, आणि शिक्षा मात्र सगळ्या वाड्याला होत आहे.

अनंत, आपल्याकडची बहुतेक जुनी घरे अशीच जातात. जेसीबी येतो तो शेवटच्या दिवशी. घराचे मरण त्याच्या कितीतरी आधी, कौले परतणाऱ्या माणसाला बोलावणे बंद झाले त्या वर्षीच सुरू झालेले असते. म्हैसूरच्या देवराज मार्केटचे उदाहरण घे. वर्षानुवर्षे हेळसांड झाल्यानंतर 2016 च्या ऑगस्टमध्ये, दुरुस्ती चालू असतानाच त्याचा एक भाग कोसळला, आणि त्यानंतर दुरुस्त करायचे की पाडून नवे बांधायचे हा वाद न्यायालयापर्यंत गेला. याच्या उलट आपल्या शेजारी कोल्हापुरात, शाहू महाराजांनी उभारलेले केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळाले, तेव्हा ते होते तसेच पुन्हा उभे राहिले पाहिजे, अशी मागणी कलावंतांनी आणि नागरिकांनी लावून धरली. तिथे लोकांनाच ती वास्तू आपली वाटत होती. वाड्याच्या बाबतीत हे वाटणे घरच्या माणसांवरच अवलंबून असते.

कायद्याचा आधार इथे फारसा मिळणार नाही. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती हे जैन मंदिर रट्ट राजांच्या काळातले, तेराव्या शतकाच्या आरंभीचे. ते पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, आणि कायद्यातल्या 2010 च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकांच्या भोवती 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी असून त्यापुढील 200 मीटरवरही नियंत्रण आहे. रिसालदार गल्लीतले भाटे यांचे घर, जिथे 1892 च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद उतरले होते, ते रामकृष्ण मिशनने स्मारक म्हणून जपले आहे. तुमच्या वाड्यात कोणी थोर पुरुष उतरल्याची नोंद नाही. शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होते, त्या काळात सराफी आणि विणकामावर ही पेठ वाढली. माग चालवणाऱ्या, हिशेब लिहिणाऱ्या, उधारीवर सूत देणाऱ्या माणसांची ही घरे आहेत. त्यांचे स्मारक कोणी बांधणार नाही, म्हणून तर ती घरे उभी असणे मला महत्त्वाचे वाटते.

गेल्या उन्हाळ्यात निपाणीला एका कामासाठी गेलो असता तंबाखूची एक जुनी वखार पाडताना पाहिली. तुळई खाली आली की लाकडात मुरलेली तंबाखूची धूळ उडत होती आणि कामगार ठसका लागून बाजूला होत होते. 1981 मध्ये ज्या शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी निपाणीत आंदोलन केले आणि पोलिसांच्या गोळ्या झेलल्या, त्यांचा माल असल्याच वखारींत साठत असे, आणि बायका तिथेच दिवसभर तंबाखू निवडत. हा इतिहास त्या गावात दाखवायचा झाला, तर आणखी काही वर्षांनी कुठे बोट ठेवायचे?

आता जे येणार आहे त्याविषयी. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी अशीच एक इमारत उभी राहिली आहे, ती तू मागच्या खेपेला पाहिलीस. खाली शटरचे गाळे, त्यांतले निम्मे बंद, वर फ्लॅट, दर्शनी बाजूला काच आणि चकचकीत पत्रे. बेळगावच्या पावसाने स्लॅब गळू लागला म्हणून गच्चीवर आता पत्र्याची शेडही चढली आहे, म्हणजे उतरत्या छपराची गरज शेवटी मान्य करावी लागलीच. मला अधिक खटकते ते जोत्याच्या पातळीवर. आधी तिथे ओटा होता. पोस्टमन, भाजीवाली, शाळेतून परतणारी मुले, शिवजयंतीचे चित्ररथ पाहायला आलेले पाहुणे, सगळ्यांना त्यावर बसायची मुभा होती आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा अर्धा दिवस तिथेच जाई. आता तिथे गाड्या लावायचा उतार आहे. संध्याकाळी गल्लीच्या त्या भागात कोणी थांबत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. ओटा, सोपा आणि पहिला चौक असलेला पुढचा भाग तसाच ठेवावा, आणि परड्याच्या मोकळ्या जागेत नवे बांधकाम करून तिथे संडास-न्हाणी, चढायला सोपा जिना, राहत्या खोल्या आणि हवे तर फ्लॅटही घ्यावेत. पुढच्या भागात गाळ्यांऐवजी एखादे कार्यालय किंवा शिकवणी वर्ग भाड्याने बसू शकेल. यात बिल्डरइतके पैसे मिळणार नाहीत, हे मी दादांना स्पष्ट सांगितले आहे. जुन्या बांधकामाची जाण असलेल्या अभियंत्याकडून तपासणी करून घ्यायला ते तयार आहेत. तो खर्च तू उचलशील का, एवढेच त्यांनी विचारले. तोपर्यंत मिरगाच्या आत कौले परतून ती एक भिंत टेकू देऊन धरली, तर पावसाळा निभावेल. गवंडी काम करायला राजी आहे, पण अशी कामे कोणी देत नाही म्हणून मुलाला त्याने फरशी बसवायला लावले आहे, हेही तो सहज बोलून गेला.

आणि सगळे प्रयत्न करूनही पाडायचेच ठरले, तर मोजमापे घेऊन नकाशे करू, प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढू, आणि खांब-तुळयांवर क्रमांक घालून ते लाकूड घर बांधणाऱ्यालाच देऊ. पाडकामाच्या मक्त्यात ते गेले, तर त्याच्या फळ्या पाडून विकतात.

दादा तुझ्या फोनची वाट पाहत आहेत. बिल्डरने महिनाअखेरची मुदत दिली आहे, तेव्हा त्यांच्याशी या आठवड्यातच बोल आणि अभियंत्याला कधी बोलवायचे ते मला कळव. काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
विनायक